नेव्हिल डिसोझांचे ऋण

मेलबर्न येथे १ डिसेंबर १९५६ रोजी भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत प्रवेश केला. या घटनेस २०२६ च्या १ डिसेंबर रोजी सत्तर वर्षे पूर्ण होतात. त्या चार गोलांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिकच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू. १९८० साली, वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, ते हे जग सोडून गेले. इतक्या वर्षांनी त्यांच्यासाठी पहिल्या पानावरची जागा खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी आम्हांस विचारील. त्याचे उत्तर मेलबर्नमध्ये जितके आहे, तितकेच ते आपल्या वसई तालुक्यातील उमेळ्यासारख्या गावांत आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या पराक्रमाचे यथार्थ मोल सांगितले पाहिजे. श्रद्धांजलीच्या भरात अतिशयोक्ती करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. नेव्हिल यांना तिची गरज नाही. त्या स्पर्धेत अवघे अकरा संघ उतरले होते आणि हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला न खेळताच पुढची चाल मिळाली होती, हे खरे आहे. परंतु त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९५२ साली, हेलसिंकी येथे याच भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुऊन काढले होते, हेही तितकेच खरे आहे. मेलबर्नच्या उपान्त्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर ठाकला. आणि मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो भारताचा! करणारे अर्थात नेव्हिल डिसोझा. ती आघाडी फार वेळ टिकली नाही. सामना ४-१ असा गमवावा लागला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियानेही ३-० अशी मात केली. तरीही स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत, एक युगोस्लाव्ह व एक बल्गेरियन यांच्या बरोबरीने, चार गोलांसह एका भारतीयाचे नाव होते. दहा गोल खाणारा संघ चार वर्षांत त्याच प्रतिस्पर्ध्यावर आघाडी घेतो, ही गोष्ट दैवाने घडत नाही. तिच्यामागे शिक्षण असते, सराव असतो आणि त्या सरावाला पायाखाली जागा असते.

शिक्षण देणारे होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. त्यांच्या जीवनावर २०२४ साली निघालेल्या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचे नाव ठाऊक झाले, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांच्या हाताखाली बंगालचे समर बॅनर्जी, हैदराबादचे बलराम आणि मुंबईचे नेव्हिल असे नाना प्रांतांचे, नाना भाषांचे तरुण एका संघात गोवले गेले. आज त्यांतील बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले आहेत. कर्णधार बॅनर्जी २०२२ साली गेले, बलराम २०२३ साली गेले. मुंबईतच वाढलेले गोलरक्षक एस. एस. नारायण यांचेही २०२१ साली निधन झाले.

नेव्हिल मूळचे गोव्यातील बार्देश महालातल्या आसगावचे. पण खेळाडू म्हणून त्यांना घडविले ते मुंबईने. गोमंतकातून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर जे काही आणले, त्यात फुटबॉलचे वेडही होते. त्या वेडाला मुंबईत दोन गोष्टींचा आधार मिळाला. कूपरेजचे मैदान आणि १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स करंडक स्पर्धा, हा पहिला आधार. खेळाडूला नोकरी देणाऱ्या कंपन्या, हा दुसरा. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळले, कॅलटेक्सकडून खेळले. महिन्याचा पगार हाती पडत असे, म्हणून सामान्य घरातल्या तरुणाला संध्याकाळचा सराव परवडत असे. चूल पेटेल की नाही या चिंतेत कोणी सेंटर फॉरवर्ड होत नाही, हे सांगण्यास मोठे अर्थशास्त्र नको.

हे दोन्ही आधार पुढे निखळले. या शतकाच्या आरंभी रोव्हर्स करंडक बंद पडला. कंपन्यांचे संघ एकामागून एक विसर्जित झाले. महिंद्रांचा नावाजलेला संघही २०१० साली मोडला. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा फुटबॉल संघ पुन्हा ऑलिंपिकच्या मैदानावर उतरू शकलेला नाही. दूरचित्रवाणीवर झगमगणारे साखळी सामने आहेत. २०१७ साली नव्या मुंबईत सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामनेही झाले. परंतु झगमगाट वरच्या मजल्यावर असून जिन्याच्या पायऱ्याच मोडल्या असतील, तर वर चढावे कोणी व कसे?

स्वतः नेव्हिल यांच्या वाट्याला सरकारी गौरव आलाच नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्या वर्षापासून फुटबॉलपटूंना तो मिळू लागला. परंतु त्या यादीत नेव्हिल डिसोझा हे नाव नाही. वांद्र्याच्या रेक्लमेशनवरील एका मैदानाला आज त्यांचे नाव दिले आहे. हे स्मारक सर्वस्वी योग्य आहे, असे आम्ही मानतो. पुतळ्याच्या पायाशी वर्षातून एकदा हार पडतो. मैदानावर रोज मुले धावतात.

आता उमेळ्याकडे वळतो. नायगाव आणि वसई या दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यातले हे गाव. नेव्हिल येथले नव्हेत. पण ज्या तऱ्हेच्या घरांतून नेव्हिल आले, तशीच घरे येथे आहेत. सकाळच्या लोकलने मुंबईस जाणारी, मुलाच्या बुटांचा खर्च दोनदा विचार करून करणारी. भात कापून झाले की मोकळ्या शेतात दोन दगड ठेवून गोल करावा आणि अंधार पडेपर्यंत खेळावे, ही वसईच्या गावांची जुनी रीत. उमेळे काय, गास काय किंवा निर्मळ काय, त्या शेतांनी कोणतेही शुल्क न घेता येथल्या मुलांना फुटबॉल शिकविला. ती शेते आता झपाट्याने इमारतींखाली जात आहेत. ज्याची जमीन त्याने ती विकू नये, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण शेत गेले तर त्याच्या जागी मुलांना सार्वजनिक मैदान मिळाले पाहिजे, हे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे.

कायद्यात याची तरतूद आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी भूखंड राखून ठेवता येतात. परंतु त्याच अधिनियमाचे कलम १२७ असे सांगते की, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत तो भूखंड ताब्यात घेतला नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. म्हणजे मैदान घालविण्यासाठी कोणी कट करावयास नको. कचेरीतल्या माणसांनी नुसते स्वस्थ बसावे. दहा आणि दोन अशी बारा वर्षे लोटली की नकाशावरचे मैदान हातचे गेले! अन्यायाचा हा अतिशय सभ्य प्रकार आहे. त्यात आरडाओरडा होत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

फुटबॉलचे पूर्ण आकाराचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर. पैसा नाही, ही सबब प्रशासन पुढे करील. जमिनीचे भाव आम्हांसही ठाऊक आहेत. परंतु आज जी जमीन महाग वाटते ती दहा वर्षांनी स्वस्त होईल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? विलंबाने मैदान स्वस्त होत नाही. ते अशक्य होते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. वसई-विरार परिसरात क्रीडांगणासाठी राखलेल्या प्रत्येक भूखंडाची यादी, तो केव्हा राखला, ताब्यात आला की नाही आणि मुदत केव्हा संपते या तपशिलासह, महापालिकेने मराठीतून जाहीर करावी. उमेळे आणि शेजारच्या गावांसाठी निदान एक पूर्ण मैदान प्रत्यक्ष ताब्यात घ्यावे, त्याला कुंपण घालावे, पण फाटकाला कुलूप घालू नये. मुलांबरोबर मुलींसाठीही वेळ राखावी. एक जाणता शिक्षक नेमावा. आणि वाचकांनीही ही यादी मागावी. मागणाराच नसेल तर देणारा कशाला हात हलवील?

नेव्हिल डिसोझांना आता कोणताही पुरस्कार पोहोचणार नाही. त्यांचे ऋण या मार्गाने मात्र अजूनही फेडता येईल, आणि त्यासाठी २०२६ च्या १ डिसेंबरची वाट पाहण्याचेही कारण नाही.