बंदूकवाल्यांनी बोलायचं कसं?

प्रत्येक ऑफिसात एखादा तरी असतो, ज्याच्या गावाकडच्या घरी आजोबांची बारा बोअर आहे. लायसनची. पण कॅन्टीनमध्ये विषय काढायची चोरी! सगळे लगेच सिनेमातल्या भाईकडे बघावं तसे बघतात.

बॉस, गप्प बसू नका. पण बोलण्याआधी एक फंडा क्लिअर करू. आपल्याकडे बंदूक हा अमेरिकेसारखा घटनेने दिलेला हक्क नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो तो परवाना. त्यामुळे तिकडच्या घोषणा इथे आणल्या तर लोक फक्त घाबरतात.

त्यापेक्षा २०१९चा किस्सा बघा. २९ नोव्हेंबरला लोकसभेत विधेयक आलं, माणशी तीनऐवजी एकच बंदूक. नेमबाजांनी आणि वारशाच्या बंदुका जपणाऱ्यांनी आक्षेप घेतले. ९ डिसेंबरला लोकसभेने विधेयक मंजूर केलं, तेव्हा एकाच्या दोन झाल्या होत्या! नेमबाजांना तर फेब्रुवारी २०२०मध्ये, किती इव्हेंट खेळता त्या हिशोबाने, कमाल बारापर्यंत सूट मिळाली.

नेमबाजांचा मुद्दा साधा होता. राही सरनोबतचं २५ मीटरचं पिस्तूल घेऊन स्वप्नील कुसाळेचा ५० मीटर रायफलचा इव्हेंट खेळता येत नाही, आणि ट्रॅपला शॉटगनच लागते. आयुष्यात बंदूक न पाहिलेल्या माणसालाही हे पटतं. (माझ्या आईला पटलं, म्हणजे बघा.)

तेव्हा खासदारांना भेटायला जाल, तर रानडुकरांनी ज्याचं शेत उलथवलंय त्या शेतकरी काकांना सोबत न्या. ते एकटे तुमच्या दहा भाषणांना भारी पडतील. निवडणुकीत बंदूक जमा करायला सांगतात, ही आणखी एक नेहमीची कुरकुर. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. चिडचिड करण्यापेक्षा तिच्याकडे कारणासहित लेखी अर्ज द्या. आणि समोरच्याने 'घरात लहान मुलं आहेत, मग?' विचारलं तर तोंड वाकडं करू नका. प्रश्न रास्त आहे. बंदूक कुठे ठेवता, काडतुसं कुठे, किल्ली कुणाकडे, हे शांतपणे सांगा.

हो, आणि ते कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेले प्रोफाइल फोटो आजच काढा, प्लीज! चुलतभाऊ वरातीत हवेत बार काढणार असेल तर त्यालाही आवरा. २०१९च्याच दुरुस्तीने त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलेत. असा एक व्हिडिओ फिरला की खासदारसाहेब तुमचा फोन उचलत नाहीत.