पिकअप उंच करण्यापूर्वी



पावसाळा तोंडावर आला की आपल्या खानापूर-बेळगाव भागात पिकअपवाल्यांची एकच घाई सुरू होते. कोणी मागे जादा पाटे भरतो, कोणी पुढच्या स्प्रिंगवर चकती बसवतो, तर कोणी मोठे टायर चढवतो. कारण सर्वांचे सारखेच : शेताच्या वाटेवर चिखल आणि दगड, गाडीचे पोट घासते. अडचण खरी आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी गाडी उंच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी पैसे घालवून शिकलो. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मी मागे दोन जादा पाटे घातले आणि पाटे व हौसिंग यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले. गाडी तीन इंच उंच झाली. पण पहिल्याच आठवड्यात बांधाजवळच्या त्याच दगडावर ती पुन्हा आदळली. कारण साधे आहे. ठोकळ्याने चासी आणि हौदा वर जातो. डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो. तो गोळा टायरच्या उंचीवर टेकलेला असतो. टायरचा व्यास दोन इंच वाढवला, तर तो जेमतेम एक इंच वर जातो. म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला!

मोठ्या टायरचेही भोग आहेत. इंजिनवर व क्लचवर ताण पडतो, आणि गाडीचा खरा वेग काट्यावर दिसतो त्यापेक्षा जास्त असतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. कोबी भरून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाताना वळणावर गाडी अशी कलली की माझ्या पोटात गोळा आला. उंची वाढली की भाराचा तोल वर सरकतो आणि कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चासी व हौसिंग यांतील अंतरावरून त्याला वजन कळते. ठोकळ्यांनी ते अंतर वाढले की भरलेली गाडीसुद्धा तो रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटउतारावर याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

आरोग्याचाही विचार करा. जादा पाट्यांनी गाडी ताठर होते. माल उतरवून परतताना ती उड्या मारते. चालकाची कंबर आणि मणके ते हादरे सोसतात. खडबडीत वाटेवर चाक उसळले की त्याची रस्त्यावरची पकडही सुटते.

कायदाही लक्षात ठेवावा. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि पाटे वाढवले म्हणून आरसी बुकातले वजन वाढत नाही.

मग करावे काय?

1. गाडी नेमकी कुठे घासते, ते खाली वाकून पाहा. गोळा घासत असेल तर पाटे वाढवून उपयोग नाही.

2. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजा. तशाच नव्या गाडीशी ताडून पाहा. पाटे बसले असतील तर मूळ मापाचेच नवे पाटे, बुश व शॉकअप घाला. पुष्कळदा गेलेली उंची तेवढ्यानेच परत येते.

3. पावसात माल सडकेपर्यंत ट्रॅक्टरने किंवा बैलगाडीने आणा आणि पिकअप तेथेच भरा.

4. एवढे करूनही उंची हवीच असेल, तर आधी कंपनीच्या अधिकृत ठिकाणी व आरटीओत विचारून लेखी घ्या. पुढची व मागची बाजू सारखी उचलली जाईल, ब्रेकची नळी ताणली जाणार नाही, व्हॉल्व्ह नव्याने लावला जाईल, चाकांचे अलाइनमेंट होईल आणि दिव्यांचा झोत खाली आणला जाईल, याची खात्री करा. ‘सगळं होतंय की’ एवढेच म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

5. नवी गाडी घेताना मात्र जमिनीपासूनची उंची भरल्या गाडीची की रिकाम्या, हे जरूर विचारा.

मी माझे ठोकळे काढून टाकले. बांधाजवळचा तो दगड आम्ही दोघा भावांनी पहारीने उपटला आणि खड्ड्यात मुरूम भरला. अर्धा दिवस लागला. हे आधी सुचले असते, तर पैसेही वाचले असते आणि घाटातली ती भीतीही.