विश्लेषण : ‘फिजियन’ नेमके कोणाला म्हणायचे?

फिजीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या मतामुळे तेथील २०१३ची राज्यघटना बदलणे तुलनेने सोपे झाले आहे. त्यामुळे देशाच्या नागरिकाला काय म्हणायचे, हा जुना वादही पुन्हा डोके वर काढू शकतो.

वाद काय आहे?

१० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाला, तरी ‘फिजियन’ म्हणजे फक्त मूळनिवासी, असाच अर्थ चालत राहिला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे भारतीय वंशाचे लोक मात्र ‘इंडियन’च. लष्करप्रमुख फ्रँक बैनिमारामा यांनी २००६ मध्ये सत्ता बळकावली आणि त्यांच्या राजवटीत सगळेच नागरिक ‘फिजियन’, तर मूळनिवासी ‘इतौकेई’ ठरले. २०१३च्या घटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. आपले नाव न विचारताच वाटून टाकले, अशी अनेक इतौकेईंची भावना आहे. या घटनेवर सार्वमत घेतलेच गेले नव्हते, त्यामुळे ही तक्रार अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

भारतीय तिथे कसे पोहोचले?

पहिले मजूर घेऊन ‘लिओनिडास’ जहाज १४ मे १८७९ रोजी कोलकात्याहून पोहोचले. १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार जण उसाच्या मळ्यांसाठी नेले गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे झाले गिरमिट, आणि ते करणारे गिरमिटिया. अवधी-भोजपुरीतून घडलेली ‘फिजी हिंदी’ ही त्यांचीच देणगी.

मुळाशी जमीन?

बहुतांशी हो. मूळनिवाशांची जमीन आणि गावगाडा शाबूत राहावा म्हणून ब्रिटिश गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी मळ्यांसाठी बाहेरून मजूर आणण्याचे धोरण आखले. आजही सुमारे ९० टक्के जमीन ‘मातांगाली’ म्हणजे कुळांच्या मालकीची आहे. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. १९७६च्या कायद्याखालील ३० वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले आणि अनेक भारतीय ऊस उत्पादकांना शेते सोडावी लागली. एकाला जमीन हातची जाण्याची भीती, दुसऱ्याला ती कधीच आपली न होण्याची. १९८७ची दोन बंडे आणि महेंद्र चौधरी या पहिल्या भारतीय वंशाच्या पंतप्रधानांना हटवणारे २००० सालचे बंड याच भीतीवर पोसले गेले. १९८७ नंतर हजारो भारतीयांनी देश सोडला. २००७च्या जनगणनेत त्यांचा वाटा ३७.५ टक्के उरला होता.

मग समान काहीच नाही?

आहे की! ‘यांगोना’ या मुळाचे पेय पाहुण्याने यजमानापुढे ठेवणे, हा इतौकेईंचा ‘सेवुसेवु’ विधी. तेच पेय ‘ग्रॉग’ म्हणून भारतीयांच्या घरीही रोज रंगते. २०१६ मध्ये रग्बी सेव्हन्सचे ऑलिम्पिक सुवर्ण मिळाले तेव्हा सगळा देश एकच झेंडा नाचवत होता. युनियन जॅक असलेला तो झेंडा बदलण्याचा बेत सरकारने मग गुंडाळून ठेवला.

पुढे काय?

१९८७ची बंडे करणारे सितिवेनी राबुका आज पंतप्रधान आहेत. २०२३ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, गिरमिट दिनाची सुटी सुरू केली आणि बरखास्त झालेली पारंपरिक सरदारांची परिषदही परत आणली. पूर्वी घटनादुरुस्तीला संसदेत आणि एकूण नोंदणीकृत मतदारांतही ७५ टक्के पाठिंबा लागे. आता संसदेत दोनतृतीयांश आणि सार्वमतात साधे बहुमत पुरेल. मूळनिवासी आता बहुसंख्य आहेत, त्यामुळे त्या सार्वमताचा कौल मुख्यतः तेच ठरवतील.