मिठी मारणारी मुलं

ऑफिसात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "पंधरा दिवस सुट्टी शिल्लक आहे. नुसतं फिरण्यापेक्षा बाहेर कुठेतरी जाऊन मुलांसाठी काही करावं म्हणतोय. कंबोडिया कसं वाटतं?" विचार चांगलाच आहे, टिंगल करण्यासारखं त्यात काही नाही. पण माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर जा, फक्त अनाथाश्रमात जाऊ नकोस.

का, ते सांगतो.

मागे मी सिएम रीपजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत दहा दिवस होतो. जुने कॉम्प्युटर चालू करायचे आणि शिक्षकांना ते वापरायला शिकवायचे, एवढंच काम. पांढरे शर्ट, निळे स्कर्ट-पँट घातलेली पोरं. पहिले दोन दिवस एकही जवळ फिरकलं नाही. खिडकीतून डोकवायचं आणि मी बघितलं की खिदळत पळायचं! फार तर लांबून हात जोडायचे. (नमस्कार तिथेही असाच करतात, आणि शिक्षकाला 'क्रू' म्हणतात, म्हणजे आपला 'गुरू'च.) चौथ्या दिवशी एक मुलगी आली, माउसला बोट लावलं आणि धूम ठोकली.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका बालगृहातला कॉम्प्युटर बघायला गेलो. गेटच्या आत पाऊल टाकलं तोच दोन चिमुरडी पायाला बिलगली, तिसरं सरळ कडेवर. सोबतचा स्वयंसेवक म्हणाला, "किती प्रेमळ आहेत ना!"

मंडळी, गोम इथेच आहे. घरी आई-बाप असलेलं मूल परक्या माणसाला आधी बुजतं. आपल्याकडची पोरंही आईच्या पदराआड लपतातच की. दिसेल त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणं ही संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांत वारंवार आढळणारी गोष्ट आहे, मानसशास्त्रज्ञ हे कित्येक दशकं सांगत आलेत. जीव लावावा असं कायमचं माणूस नसलं की मूल मिळेल त्याला चिकटतं. आणि आपण? पंधरा दिवस लळा लावतो, फोटो काढतो, विमानात बसतो. सोमवारी नवा 'दादा' हजर.

एखाद्या प्रोजेक्टवर दर पंधरा दिवसांनी माणूस बदलला तर मॅनेजर बोंब मारेल. तिथे निदान नॉलेज ट्रान्सफर तरी असतं. इथे बदलला जातोय तो मुलाचा विश्वास.

आता आकडे बघा. कंबोडियात २००५ साली १५४ अनाथालयं होती, २०१० मध्ये २६९. पोल पॉटची राजवट १९७९ मध्येच संपली होती, म्हणजे अनाथ अचानक वाढायचं कारण नव्हतं. वाढले होते ते पर्यटक. २०११ च्या पाहणीत तर असं दिसलं की या मुलांपैकी दर चारांत जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील जिवंत आहेत! मग मुलं तिथे का? गरिबी. "शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल, इंग्रजी येईल" असं सांगितलं की आई-बाप पाठवतात. मुलं दिसली की पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर देणग्या येतात, आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून आणखी मुलं लागतात. काही ठिकाणी पाहुण्यांपुढे अप्सरा नृत्यही करवून घेतलं जायचं. शुद्ध मागणी आणि पुरवठा. २०११ मध्ये तिथे 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत' अशी मोहीमच निघाली, आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार मानला.

कोणी म्हणेल, "सगळ्या संस्था वाईट नसतात." मान्य. खरोखर अनाथ मुलंही आहेत. पण चांगली संस्था ओळखायची सोपी खूण आहे: ती तुम्हाला मुलांच्या खोलीत सहजासहजी शिरू देत नाही. पुण्यातल्या कुठल्या शाळेत कोणीही अनोळखी माणूस घुसून पोरांना कडेवर घेऊन फोटो काढू शकेल का? आपल्या मुलांना जो नियम, तोच त्यांना नको?

म्हणून जायचंच असेल तर मोठ्यांसाठी काम करा. शिक्षकांना काही शिकवा, संस्थेचे हिशेब सॉफ्टवेअरमध्ये घालून द्या, किंवा विमानाच्या तिकिटाचे पैसे मुलाला घरीच ठेवायला मदत करणाऱ्या संस्थेला द्या. फोटो झकास येणार नाहीत, हे खरं.

आणि हो, वाढदिवसाचा केक घेऊन आश्रमात जाणाऱ्यांनीही यावर जरा विचार करावा.