जोखीम कोणाची, हिशेब कोणाचा?

तीर्थपुरीच्या परिसरातील मोसंबीच्या बागायतदाराला हवामानबदल म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. वर्षानुवर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली झाडे अनेकांना स्वतःच्या हातांनी तोडावी लागली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाडा झोडपून काढला. सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली. एकाच पिढीने, एकाच शिवारात, पाण्याचा दुष्काळ आणि पाण्याचा प्रलय असे दोन्ही अनुभवले. दोन्ही प्रसंगी माणसाचे जगणे विजेच्या तारेला बांधलेले होते. दुष्काळात विहिरीच्या तळचे पाणी उपसण्यास वीज हवी. पुरानंतर नळयोजनेची मोटार, पिठाची गिरणी आणि दवाखाना पुन्हा चालू होण्यासही वीजच हवी. तेव्हा विचारावेसे वाटते की, या बदलत्या हवामानाची जोखीम वीज कंपन्या मोजतात कशी, आणि ती सांगतात कोणाला?

याचे उत्तर शोधू लागले की प्रथम भांडवल बाजाराच्या दारात जावे लागते. जगातील प्रमुख राष्ट्रांच्या वित्तीय स्थैर्य मंडळाने 2015 साली एक कृतिगट नेमला आणि 2017 साली त्याच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांत जोखमीचे दोन प्रकार मानले गेले. पूर, वादळ, उष्णता आणि पाणीटंचाई यांनी मालमत्तेचे होणारे नुकसान ही भौतिक जोखीम. आणि कोळशाकडून अन्य ऊर्जेकडे वळताना जुनी गुंतवणूक निरुपयोगी ठरणे ही संक्रमणाची जोखीम. आपल्याकडे ‘सेबी’ने 2021 साली व्यवसायाच्या जबाबदारीचा व शाश्वततेचा अहवाल ठरवून दिला आणि 2022-23 पासून तो शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना बंधनकारक झाला. एनटीपीसी, टाटा पॉवर यांसारख्या कंपन्या त्यामुळे असे अहवाल देतात.

हे काम व्यर्थ आहे असे आमचे म्हणणे नाही. आकडे उघड होणे हे केव्हाही चांगलेच. परंतु हा अहवाल कोणासाठी लिहिला जातो ते पाहावे. तो मुख्यतः भागधारकासाठी, कर्ज देणाऱ्या बँकेसाठी आणि विमा उतरविणाऱ्यासाठी असतो. त्यात ‘जोखीम’ म्हणजे कंपनीच्या नफ्याला पोहोचणारी जोखीम. खांब पडला तर खांबाची किंमत त्यात येते. त्या खांबावाचून ज्याचे पीक वाळले त्याचे पीक कोणत्याही रकान्यात येत नाही.

शिवाय तीर्थपुरीला वीज देणारी महावितरण ही शेअर बाजारातील कंपनी नव्हे. 1960 साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन जून 2005 मध्ये निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. त्या शासनाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या मालकीच्या आहेत. खाजगी मालकीच्या कंपनीने भागधारकाला जे सांगणे कायद्याने भाग पडते, ते सार्वजनिक मालकीच्या कंपनीला तिच्या खऱ्या मालकाला, म्हणजे जनतेला, सांगणे भाग पडू नये, ही विसंगती समाजवाद्यांनी मुकाट्याने सोसता कामा नये.

जोखीम कागदावर कमी आणि प्रत्यक्षात जास्त कशी राहते, याचे कारण दरनिश्चितीच्या पद्धतीत आहे. वीज नियामक आयोगाच्या विनियमांत नैसर्गिक आपत्ती हे कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे कारण मानले जाते आणि त्यामुळे वाढलेला खर्च दरातून वसूल करण्याची मुभा असते. उलट सेवेच्या मानकांत, म्हणजे वीज किती तासांत परत यावी आणि न आल्यास भरपाई किती मिळावी या नियमांत, पूर आणि वादळ हे अपवाद ठरतात. म्हणजे पुरात वाहून गेलेल्या खांबांचा खर्च अखेर ग्राहकाच्या देयकात येऊ शकतो. परंतु त्याच पुरामुळे अंधारात काढलेल्या दिवसांची भरपाई त्याला मागता येत नाही. अशा व्यवस्थेत कंपनीच्या ताळेबंदात जोखीम फारशी दिसली नाही तर नवल ते काय? ती नाहीशी झालेली नसते. ती गावाच्या अंगावर सरकवलेली असते. आणि जे संकट दर काही वर्षांनी येऊ लागले आहे त्याला ‘अपवाद’ म्हणत राहणे कितपत प्रामाणिक आहे?

परळीचे उदाहरण मराठवाड्याने विसरू नये. तेथील औष्णिक वीज केंद्र पाण्यासाठी गोदावरीच्या खोऱ्यावर अवलंबून आहे. 2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी ते बंद पडले; 2015 सालीही तीच वेळ आली. पाऊस पडला नाही म्हणजे शेतीचे पाणी जाते एवढेच आपण समजत होतो. वीजही जाते हे परळीने शिकविले. केंद्र बंद राहिले तेव्हा कंत्राटी कामगाराचा रोजगार बुडाला, राख आणि कोळसा वाहणाऱ्यांची कामे थांबली. ही जोखीम उभारणीच्या वेळी कोणी मोजली होती काय, आणि मोजली असल्यास ती जनतेसमोर कोणी ठेवली?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक असा की, थकबाकीने वाकलेल्या कंपनीवर आणखी एका अहवालाचा बोजा कशाला? दुसरा असा की, एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. मग तक्रार कसली? पहिल्या आक्षेपात अर्धे सत्य आहे. परंतु दर वादळानंतर तेच खांब त्याच जागी उभे करणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. देयक शून्य झाल्याने जोखीम शून्य होत नाही. डीपी जळाली आणि ऐन फळधारणेत मोटार थांबली, तर मोफत विजेचा उपयोग काय?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक वीज कंपन्यांनी हवामानाच्या जोखमीचा अहवाल दरवर्षी, मराठीत आणि तालुकावार प्रसिद्ध करावा. कोणते उपकेंद्र पूररेषेत आहे, कोणत्या फीडरवर रोहित्रे वारंवार जळतात, गेल्या वर्षी आपत्तीत किती तास अंधार होता, हे त्यात असावे. वादळात खांबावर चढणाऱ्या कायम आणि कंत्राटी वायरमनच्या जीविताची जोखीम त्यात पहिल्या पानावर असावी. आणि दरवाढीच्या प्रत्येक जनसुनावणीत हा अहवाल आयोगासमोर ठेवणे सक्तीचे व्हावे.

ही माहिती मुंबईहून येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. तीर्थपुरीतील कार्यकर्त्यांनी एक वही घालावी. वीज केव्हा गेली, केव्हा आली, कोणती डीपी जळाली, ती किती दिवसांनी बदलली, तेवढ्यात किती बागांचे पाणी चुकले, याची नोंद तीत ठेवावी. आयोगाच्या सुनावणीत भाषणापेक्षा अशी वही अधिक बोलते. ती घेऊन जाण्याची तयारी आजच सुरू झाली पाहिजे.