झाड वांझ नाही, पंचनामा खोटा



बालाघाटाच्या कडेला आपल्या एका वस्तीवर माघात पंचनामा झाला. कर्ती माणसं तेव्हा कारखान्यावर ऊस तोडत होती. वस्तीत म्हाताऱ्या अन् लेकरं. कागदावर काय लिहिलं? गायरानात आंब्याचं एक झाड, मोहोर बिघडलेला, फळ नाही, निरुपयोगी, तोडायला हरकत नाही. त्याच्याच खाली, वहिवाट दिसून आली नाही. ज्या आजीनं कोय पुरली तिचाच अंगठा त्यावर घेतला!

हा मोहोर आम्ही जाऊन पाह्यला. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दाट, जाड. त्यात नर फुलंच जास्त, म्हणून कैरी धरत नाही. हा रोग आहे, झाडाचा वांझपणा नाही. 1891 साली बिहारात दरभंग्याला त्याची पहिली नोंद झाली. बुरशीनं तो होतो हे 1966 साली सुम्मनवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं. आपल्या देशातल्या या बुरशीला 2002 साली फ्युजेरियम मँगीफेरी असं नाव मिळालं. मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये हाच रोग करणाऱ्या तिच्या बहिणी वेगळ्या निघाल्या. रोग एक, बुरश्या अनेक. एवढं जगानं शोधलं, अन् आमच्याकडं एक शब्द, निरुपयोगी.

हा रोग कोयीतून येत नाही. तो लांब जातो कलमातून, रोगट काडी बांधली की. मग झाडावर वाळलेल्या काळ्या गड्ड्यातून बुरशी उडते, बारीक कोळीही ती नेतो. शेजारच्या बागेत बाहेरची कलमं आली, त्यानंतर दोन वर्षांनी गायरानातला आंबा बिघडला. आमचा संशय तिकडंच आहे. पण बागेचा पंचनामा कोण करणार?

उपाय सोपा आहे. गड्डा दिसला की त्याच्या खालची वीतभर चांगली फांदी धरून छाटायची अन् जागेवरच जाळायची. कोयता दुसऱ्या फांदीला लावायच्या आधी विस्तवावर धरायचा. दरसाल करावं लागतं. बुंध्याला कुऱ्हाड लावायचं काम नाही.

मग कुऱ्हाड कशाला? 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. आपल्याजवळ पावत्या नाहीत, पीकपेऱ्यात नाव नाही. त्या दोन हात कवळ्यात न मावणाऱ्या झाडाचं वय मात्र कुणालाही दिसतं. झाड गेलं की साक्षीदार गेला.

आंबा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. तोडायला कुणी आलं तर आधी परवानगीचा कागद मागा, नक्कल घ्या. ऊसतोडीवरून टोळ्या परतल्या की सगळ्यांनी झाडाखाली जमायचं. गड्डे जाळू, आजीचा जबाब पंचांसमोर लिहून घेऊ, तिला वाचून दाखवू, अन् मगच अंगठा.