धाप लागणाऱ्याचे ताट रिकामे करू नका



आपल्या शहादे-तळोदे भागात ज्या घरी जुना खोकला आणि धाप असलेले वडीलधारे माणूस आहे, तिथे एक गोष्ट हमखास दिसते. "केळं थंड, दही कफ करतं, पपई नको," असे म्हणत ताटातून एकेक पदार्थ उठतो. शेवटी उरतो चहा-टोस्ट. माणूस वाळत जातो आणि आपण म्हणतो, "दम्यानं खाल्लं!" आमचे म्हणणे असे की, त्यात आपल्या पथ्याचाही हात आहे.

डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात, तो रोग विडीच्या धुराने होतो, तसा चुलीच्या धुरानेही होतो. म्हणून कधी विडीला हात न लावलेल्या आयाबहिणींनाही तो गाठतो. अशा माणसाला नुसता श्वास घ्यायलाच जास्त ताकद लागते. अन्न तुटले की श्वासाचे स्नायूच झिजतात. भरली गाडी चढाला लागली असता बैलाची वैरण कुणी तोडतो का?

तेव्हा कळण्याची भाकरी, डाळ, उसळ, अंडे, दूध द्या. दुधाने तोंडात चिकटपणा वाटतो, पण कफ वाढतो असे तपासण्यांत दिसलेले नाही. केळी-पपई तर आपल्या शिवारातली. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल, तर तेवढाच टाळा. पोट तट्ट भरले की श्वासपटल दाबले जाते, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे वाढा. जेवणाआधी थोडी विश्रांती असू द्या. मिरचीची फोडणी देताना त्यांना घरात बसवू नका. तो ठसका फार वाईट. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

फळे-भाज्या जास्त खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो, असे परदेशांतल्या मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. पण आहार म्हणजे औषध नव्हे. आम्ही उसाची माणसे, तरी स्पष्ट सांगतो: गूळ खाल्ल्याने छातीतला धूर निघत नाही. एकदा खराब झालेले फुफ्फुस पूर्ववत होत नाही; पंप आणि औषधे बंद करू नका.

आणि धूरच थांबवा. विडी सोडा, चुलीचा धूर घराबाहेर काढा, पाचट पेटवू नका, शेतातच कुजवा. घरातल्या म्हाताऱ्याचा दम आणि जमिनीचा कस, दोन्ही त्यात राखले जातील.